मिरवणुकीतल्या जवानाच्या छातीवर एवढी पदकं कसली? आणि कायदा त्यांचं किती रक्षण करतो?

बारामती-इंदापूर पट्ट्यात फिरताना हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. गावच्या वेशीवर फ्लेक्स लागलेला असतो. त्यावर ‘भारतमातेची सेवा पूर्ण करून मायभूमीत परतल्याबद्दल हार्दिक स्वागत’ असं लिहिलेलं असतं. उघडी जीप, हलगी, ओवाळायला उभ्या असलेल्या बायाबापड्या आणि जीपमध्ये हात जोडून उभा असलेला, वीस-बावीस वर्षं नोकरी करून आलेला गावचा फौजी. त्याच्या छातीवर आठ-दहा पदकं चमकत असतात.

संध्याकाळपर्यंत त्याची रील येते. खाली कमेंट येतात, ‘दहा दहा शौर्यपदकं! भावा, सलाम!’ आणखी एक जण लिहितो, ‘याला दर महिन्याला लाखभर रुपये मिळत असणार.’ तिसरा विचारतो, ‘माझ्या पणजोबांची पण दोन पदकं घरात आहेत, विकली तर किती येतील?’

या तिन्ही कमेंटमध्ये काही ना काही चूक आहे. चूक करणाऱ्याचा दोष नाही, कारण पदकांबद्दल आपल्याला कुणी नीट सांगतच नाही. शाळेत परमवीर चक्राचं नाव पाठ होतं आणि विषय तिथंच संपतो. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ. पदकं किती प्रकारची असतात, सरकारी मान्यता म्हणजे काय, खोटी पदकं लावली तर काय होतं, आणि घरातल्या ट्रंकेत पडलेल्या पदकाचं काय करायचं?

आधी दोन ढीग वेगळे करा

सैन्यातल्या पदकांचे ढोबळमानाने दोन ढीग पडतात. एक पराक्रमाचा आणि दुसरा सेवेचा.

पराक्रमाचं पदक एखाद्या विशिष्ट प्रसंगातल्या धाडसासाठी मिळतं. त्यासाठी शिफारस होते, छाननी होते आणि शेवटी राष्ट्रपतींच्या मंजुरीने ते जाहीर होतं. सेवेचं पदक मात्र ‘तू तिथं होतास’ याची नोंद असते. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडच्या आघाडीवर होता त्याला पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्या आघाडीवर होता त्याला पश्चिमी स्टार. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय पदक. सियाचीनमध्ये काम केलं तर सियाचीन ग्लेशियर पदक. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या नोकरीची पदकं वेगळी. स्वातंत्र्याच्या २५ व्या, ५० व्या आणि ७५ व्या वर्धापनाचीही पदकं आहेत.

त्यामुळे जीपमधल्या फौजीच्या छातीवर दहा पदकं असतील, तर बहुतेक वेळा ती सगळी सेवेची असतात. यात कमीपणा अजिबात नाही. सियाचीनचं पदक फुकट मिळत नाही. पण त्याला ‘शौर्यपदक’ म्हणणं म्हणजे त्याच्या खऱ्या नोकरीवर खोटा मुलामा चढवणं. खुद्द फौजीलाच ते आवडत नाही, हे विचारून बघा.

पराक्रमाची पदकं ओळखायची कशी?

पराक्रमाच्या पदकांचे पुन्हा दोन भाग आहेत. शत्रूसमोर दाखवलेल्या पराक्रमासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र. प्रत्यक्ष युद्धाबाहेरच्या धाडसासाठी, म्हणजे उदाहरणार्थ दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकीसाठी, अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र. शिवाय सेना पदक, नौसेना पदक आणि वायुसेना पदक ही शौर्यासाठीही दिली जातात.

युद्धकाळातली तिन्ही चक्रं २६ जानेवारी १९५० ला सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. कारण १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातल्या पराक्रमाची दखल घ्यायची होती. अशोक चक्र १९५२ मध्ये तीन वर्गांत आलं. १९६७ मध्ये या वर्गांना अशोक, कीर्ती आणि शौर्य अशी नावं मिळाली.

परमवीर चक्राची रचना करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर. जन्माने युरोपातल्या, लग्नाने मराठी. लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. पदकावर त्यांनी इंद्राचं वज्र घेतलं. वृत्रासुराला मारण्यासाठी दधीची ऋषींनी आपली हाडं दिली आणि त्यातून वज्र घडलं, ही कथा त्यामागे आहे. आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळालं आहे आणि त्यातल्या १४ जणांना ते मरणोत्तर मिळालं.

रील बघताना उपयोगी पडेल अशी एक खूण सांगतो. पदकाची फीत बघा. परमवीर चक्राची फीत जांभळी असते. महावीर चक्राची अर्धी पांढरी आणि अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी आणि अर्धी केशरी. अशोक चक्राची हिरवी, मधोमध एक केशरी पट्टी. कीर्ती चक्राला दोन केशरी रेघा आणि शौर्य चक्राला तीन. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या व्हायरल पोस्टची परीक्षा घरबसल्या होते.

ही पदकं किती जपून दिली जातात हे ताज्या उदाहरणावरून कळेल. मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरनंतर, १४ ऑगस्ट २०२५ ला शौर्यपुरस्कारांची यादी आली. सगळ्या दलांची मिळून, सिंदूरबाहेरच्या कारवायांसकट, १२७ शौर्यपदकं होती. त्यात ४ कीर्ती चक्रं, १५ वीर चक्रं आणि १६ शौर्य चक्रं होती. लाखोंच्या सैन्यात हा आकडा. म्हणून ‘दहा दहा शौर्यपदकं’ ही कमेंट वाचली की थोडं थांबायला हवं.

सरकारी मान्यता म्हणजे नेमकं काय?

पदक म्हणजे धातूचा तुकडा. परमवीर चक्र कांस्याचं आहे. मोडीत घालायचं म्हटलं तर त्याचे फार पैसे येणार नाहीत. मग त्याला किंमत कशामुळे येते? नोंदीमुळे.

शौर्यपदक जाहीर झालं की त्याची अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापली जाते. सैनिकाच्या सेवा-नोंदीत ते चढतं. त्याच्या डिस्चार्ज बुकात पदकांसाठी जागा असते, तिथं ते लिहिलं जातं. संरक्षण मंत्रालयाने शौर्यपुरस्कारांसाठी वेगळं संकेतस्थळ केलं आहे. तिथं स्वातंत्र्यानंतरच्या विजेत्यांची नावं शोधता येतात. थोडक्यात, छातीवरचं पदक ही खूण आणि राजपत्रातली ओळ हा पुरावा.

या नोंदीवर पैसेही अवलंबून आहेत. १ ऑगस्ट २०१७ पासून केंद्राचा मासिक भत्ता असा आहे: परमवीर चक्र २०,००० रुपये, अशोक चक्र १२,०००, महावीर चक्र १०,०००, कीर्ती चक्र ९,०००, वीर चक्र ७,०००, शौर्य चक्र ६,००० आणि शौर्यासाठीचं सेना पदक २,००० रुपये. राज्य सरकारं आपापल्या धोरणानुसार रोख रक्कम देतात, महाराष्ट्रही देतो. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १०(१८) नुसार परमवीर, महावीर, वीर चक्र आणि सरकारने अधिसूचित केलेल्या इतर शौर्यपदकांच्या विजेत्यांचं निवृत्तिवेतन करमुक्त केलं गेलं. सेवेच्या पदकांवर मात्र असा मासिक भत्ता नसतो. म्हणजे ‘महिन्याला लाखभर’ ही कमेंटही बाद.

आता राज्यघटनेतली एक मजेशीर गोष्ट. आपल्या घटनेने ‘रावबहादूर’, ‘सर’ अशा पदव्या बंद केल्या. अनुच्छेद १८ सांगतो की राज्य कुठलाही किताब देणार नाही. पण त्याच वाक्यात एक अपवाद ठेवला आहे, तो लष्करी आणि शैक्षणिक सन्मानांचा. पुढे १९९५ मध्ये बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, पण ते नावाच्या मागे-पुढे लावता येणार नाहीत. म्हणजे फ्लेक्सवर एखाद्याच्या नावाआधी ‘पद्मश्री’ लिहिणं चुकीचं ठरतं. वीर चक्र विजेत्या सैनिकाने मात्र नावापुढे त्या पदकाची आद्याक्षरं लावणं रीतीला धरून आहे. घटनेनेच सैनिकाला हा वेगळा मान दिला आहे.

नोंद नसली की काय होतं?

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे आणि ते आपल्या भागाशी जोडलेलं आहे.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी लढल्या. कुतच्या वेढ्यात त्या अडकल्या, उपासमारीत सापडल्या, कैदेत गेल्या. ११७ व्या मराठा पलटणीला या युद्धातल्या कामगिरीसाठी पुढे ‘रॉयल’ हा बहुमान मिळाला. या पलटणींची भरती पुणे, सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर अशा भागांतून व्हायची.

तिथं मेलेल्यांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक झालं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांची कोरली. साध्या भारतीय शिपायांची नावं मात्र कोरली नाहीत. त्यांच्या पलटणीखाली फक्त आकडा घातला. या पलटणीचे इतके, त्या पलटणीचे तितके.

राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्याच इतिहासाची चौकशी करून अहवाल दिला. त्यात कबूल केलं की भारत, आफ्रिका आणि इतर भागांतल्या सुमारे ४५,००० ते ५४,००० मृतांना बरोबरीचा मान मिळाला नाही. शिवाय किमान १,१६,००० जणांची नावानिशी आठवणच ठेवली गेली नाही. आयोगाने त्याबद्दल माफी मागितली.

आता विचार करा. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या घरात पणजोबांचं पहिल्या महायुद्धाचं पदक असेल आणि त्याच्या कडेवर त्यांचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असेल, तर ती ओळ किती मोलाची आहे? दगडावर ज्याचं नाव आलं नाही, त्याचं नाव त्या कडेवर आहे.

खोटी पदकं लावली तर काय शिक्षा?

आता मुख्य प्रश्न. कायदा या पदकांचं रक्षण करतो का? उत्तर आहे, थोडंथोडं आणि तुकड्यातुकड्याने. ‘सैनिकी पदकांचं संरक्षण’ अशा नावाचा एक सलग कायदा आपल्याकडे नाही. वेगवेगळ्या कायद्यांतली कलमं जोडून चित्र तयार करावं लागतं.

पहिलं, भारतीय न्याय संहिता, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिचं कलम १६८ म्हणतं की जो सैनिक, नौसैनिक किंवा वायुसैनिक नाही, त्याने लोकांना आपण सैनिक वाटावं या हेतूने तसा पोशाख घातला किंवा तशी खूण बाळगली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम १४० होतं आणि दंड पाचशे रुपयांपर्यंत होता. लक्षात घ्या, या कलमात ‘पदक’ हा शब्द नाही, ‘खूण’ आहे. आणि हेतू सिद्ध व्हावा लागतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात सैनिक झालेल्या पोराला हे कलम लागत नाही.

दुसरं, कलम २०५. फसवण्याच्या हेतूने सरकारी नोकराचा पोशाख किंवा खूण वापरली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तोतयेगिरी करून पैसे उकळले तर कलम ३१९ लागतं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. हेच मोबाईल किंवा संगणकावरून केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

तिसरा कायदा फारसा कुणाला माहीत नाही. १९५० चा बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा कायदा. धंद्यासाठी, ट्रेडमार्कसाठी काही नावं आणि चिन्हं वापरता येत नाहीत, त्यांची यादी या कायद्याला जोडली आहे. त्याच यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे आणि त्याच यादीत सरकारने सुरू केलेली पदकं, बिल्ले आणि त्यांच्या नकलाही आहेत. म्हणजे उद्या कुणी वीर चक्राचं चित्र आपल्या मसाल्याच्या पाकिटावर छापलं, तर हा कायदा आडवा येतो. पण मूळ कायद्यात दंड होता फक्त पाचशे रुपयांपर्यंत.

चौथा, १९५० चा लष्कर कायदा. त्याचं कलम ५४ सांगतं की सैनिकाने स्वतःला मिळालेलं पदक विकलं, गहाण ठेवलं, मोडलं किंवा विद्रूप केलं, तर लष्करी न्यायालय त्याला पाच वर्षांपर्यंत कैद देऊ शकतं.

इथं खरी गोम आहे. हे कलम लष्कर कायद्याखाली असलेल्या सैनिकाला लागतं, त्याच्या नातवाला नाही. ज्याने सियाचीनमध्ये बोटं गोठवून घेतली, त्याने ते पदक विकलं तर पाच वर्षं. त्याच्या पश्चात वारसाने तेच पदक भंगारात घातलं, तर त्यासाठी वेगळं कलम नाही. पदक जोवर सैनिकाच्या छातीवर आहे तोवर कायदा डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो. ते घरच्या ट्रंकेत गेलं की त्याचा डोळा लागतो.

तुलनेसाठी एक गोष्ट. सैन्याने नव्या लढाऊ गणवेशाच्या डिझाइनची २०२२ मध्ये बौद्धिक संपदा म्हणून नोंदणी करून घेतली, जेणेकरून बाजारात कुणीही तसं कापड विकू नये. गणवेशाच्या कापडाची काळजी घेतली गेली. घराघरांत पडलेल्या पदकांसाठी तसं काही झालेलं नाही.

जुन्या बाजारातली पदकं

पुण्यात जुन्या बाजारात कधी गेला असाल तर जुनी नाणी, कुलपं, घड्याळं यांच्या शेजारी पदकंही दिसतात. ऑनलाइन तर लिलावच चालतात. विकणारा म्हणतो, ‘घरात पडून होतं, कुणाला काही माहिती नाही.’

हे बेकायदा आहे का? पदक चोरीचं असेल तर उघडच आहे. वारसाने राजीखुशीने विकलं असेल तर सरसकट गुन्हा म्हणता येत नाही. मात्र जुन्या पदकांना आणखी एक कायदा लागू शकतो, १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू त्यात येते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं आता शंभरीच्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे आहेत. पण पदकांचं नाव घेऊन त्यात काही लिहिलेलं नाही. ‘ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू’ या व्यापक व्याख्येत ती बसवावी लागतात.

नोंद असली की काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण हिमाचल प्रदेशातलं आहे. नाईक किरपा राम यांनी १९४५ मध्ये सरावादरम्यान फुटणाऱ्या ग्रेनेडवर झडप घालून सहकाऱ्यांना वाचवलं आणि स्वतः गेले. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. तो पदक त्यांच्या पत्नीने आयुष्यभर सांभाळलं. २००२ मध्ये ते घरातून चोरीला गेलं. २००९ मध्ये ते थेट लंडनच्या एका लिलावगृहात निघालं. भारताने हरकत घेतली, लिलाव थांबला आणि पुढे ते पदक कुटुंबाकडे परत आलं. हे पदक कोणाचं, याबद्दल वाद घालायला जागाच नव्हती, कारण नोंद पक्की होती. आता हाच प्रसंग बिननावाच्या, बिनफोटोच्या पदकाबाबत घडला असता तर? कुणाला पत्ताही लागला नसता.

बाहेरच्या देशांत काय आहे?

अमेरिकेने २००६ मध्ये कडक कायदा केला. सैनिकी सन्मान मिळाल्याची नुसती थाप मारली तरी गुन्हा. कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळाच्या सदस्याने बैठकीत सांगून टाकलं की आपल्याला देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालंय. ते साफ खोटं होतं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ मध्ये न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. कारण असं की नुसतं खोटं बोलणं हाही अभिव्यक्तीचा भाग ठरतो. मग २०१३ मध्ये नवा कायदा आला. आता खोटं बोलून पैसा, मालमत्ता किंवा इतर ठोस फायदा उकळायचा हेतू असेल तरच गुन्हा.

ब्रिटनमध्ये उलट झालं. १९५५ च्या लष्कर कायद्यात खोटी पदकं लावणं गुन्हा होता. नवा कायदा आला तेव्हा ते कलम त्यात घेतलंच नाही आणि २००९ पासून ते गेलं. २०१६ मध्ये ते परत आणण्यासाठी एका खासदाराने विधेयक मांडलं, पण ते पार पडलं नाही.

आपलं कलम १६८ या दोघांच्या मधलं आहे. फायदा उकळला नसला तरी ‘लोकांनी मला सैनिक समजावं’ हा हेतू पुरतो. शिक्षा मात्र किरकोळ आहे.

याचा तुमच्या मोबाईलशी काय संबंध?

बारामती-इंदापूरची पोरं पहाटे उठून रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. भरतीच्या अकॅडम्या गावोगावी आहेत. अग्निवीर म्हणून लागलेल्यालाही प्रचलित नियमांनुसार सन्मान आणि पदकं मिळू शकतात, हे योजनेच्या अटींमध्येच आहे. जिथं वर्दीबद्दल इतकी ओढ आहे, तिथंच वर्दी दाखवून फसवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं.

‘मी आर्मीत आहे, बदली झालीय, गाडी स्वस्तात विकायचीय’ असा मेसेज येतो. सोबत वर्दीतला, छातीभर पदकांचा फोटो आणि ओळखपत्र. किंवा ‘भरतीत आपली ओळख आहे, काम करून देतो’ असं सांगणारा कुणीतरी. अशा वेळी फोटोतल्या पदकांनी भारावून जाऊ नका. पदकांचा संच बाजारात विकत मिळतो, वर्दी शिवून मिळते. भरतीत पैसे घेऊन नंबर लावून देणारा माणूस खरा सैनिक असला तरी गुन्हेगारच असतो. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार द्या.

आणि एखादी पोस्ट ‘या आजोबांना वीर चक्र मिळालं, सरकारने विचारलंही नाही’ अशी आली, तर शेअर करण्याआधी संरक्षण मंत्रालयाच्या शौर्यपुरस्कारांच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. नाव सापडलं तर आजोबांचा मान वाढेल. नाही सापडलं तर त्यांच्याकडे कदाचित सेवेचं पदक असेल, आणि तेही सांगण्यासारखंच आहे, फक्त खऱ्या नावाने.

घरात पदक असेल तर काय करायचं?

पहिलं काम, घासू नका. चिंच लावून किंवा पितांबरीने चमकवलेल्या पदकाची कडा झिजते आणि कडेवरच तर नाव असतं. मऊ कपड्याने नुसतं पुसा.

दुसरं, फोटो काढा. समोरून, मागून आणि कडेचा. भिंग घेऊन कडेवरची अक्षरं वाचा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं काही असेल ते वहीत उतरवा. काही पदकांवर नाव नसतंच. अशा वेळी पदकाचा प्रकारच माहिती देतो. इंदापूरच्या घरात ‘इटली स्टार’ सापडला तर नवल नाही. मराठा पलटणी इटलीत लढल्या होत्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या आणि शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो इटलीतच.

तिसरं, कागद शोधा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, जुनी पत्रं. पदकापेक्षा हे कागद आधी सांभाळा. महाराष्ट्रात माजी सैनिकांसाठी २०२० पासून घरपट्टी माफीची योजना आहे. अशा सवलती घ्यायला गेलं की पदक कुणी विचारत नाही, कागद विचारतात.

चौथं, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिकरोडला, चिलखती दलाचं अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला आहे. सैनिकाचा नंबर दिलात तर काम सोपं होतं. पदक हरवलं असेल तर आधी पोलिसांत नोंद करा आणि मग रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करा. पत्रव्यवहाराला अडचण येत असेल तर पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

पाचवं, महायुद्धात गेलेल्या आणि परत न आलेल्या पूर्वजाचा शोध घ्यायचा असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. अनेक भारतीय सैनिकांच्या नोंदीत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. स्पेलिंग इंग्रजांनी ऐकलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून दोन-तीन प्रकारे टाकून बघा.

सहावं, पदकं लावायची रीत पाळा. सैनिक स्वतःची पदकं डाव्या बाजूला लावतो. हुतात्म्याचे जवळचे नातेवाईक श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात ती उजव्या बाजूला लावतात. उजव्या बाजूचं पदक बघितलं की जाणकाराला कळतं, हे याचं नाही, याच्या घरातल्या कुणाचं तरी आहे.

शेवटी मुद्दा काय?

कायदा बदलायला हवा का, यावर चर्चा होऊ शकते. वारसांनी पदक विकण्याआधी रेकॉर्ड ऑफिसला कळवावं, एवढा साधा नियम झाला तरी पुष्कळ फरक पडेल. पण नियम होईल तेव्हा होईल. तोवर नोंद ठेवणं आपल्या हातात आहे. ग्रामपंचायतीने गावातल्या आजी-माजी सैनिकांची नावं, पलटण आणि पदकं एका रजिस्टरमध्ये लिहून ठेवायची म्हटली तर एक शंभर पानी वही पुरते. पुढच्या पिढीत कुणी विचारलं तर निदान आकडा नाही, नाव सांगता येईल.

पुढच्या वेळी गावात सेवापूर्तीची मिरवणूक निघाली की रील जरूर काढा. फक्त गुलाल खाली बसल्यावर त्या फौजीला एकदा विचारा, ‘दादा, यातलं कुठलं पदक कशाचं?’ तो एकेका फितीवर बोट ठेवून सांगेल. हे सियाचीनचं, हे नऊ वर्षांचं, हे वीस वर्षांचं. तेवढं ऐकून कॅप्शनमध्ये लिहा.